पऱ्हाटी लाल पडली, आता कोणतं वेबपेज उघडायचं?

पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पानं लाल पडू लागली की यवतमाळ-वाशीमकडे मोबाइलवर ‘कपाशी लाल्या उपाय’ हा शोध सुरू होतो. समोर व्हिडिओ, विद्यापीठाची पत्रकं, औषधांच्या जाहिराती असं सगळंच येतं. शेतकरी बाप व्हिडिओ लावतो, कृषी पदविका करणारी लेक तक्त्यांचं वेबपेज उघडते. मग घरात कुणीतरी म्हणतं, ‘बाबाले पाहून समजते, पोरीले वाचून.’

या समजाला ‘शिकण्याच्या शैली’ म्हणतात. नील फ्लेमिंग आणि कोलीन मिल्स यांनी १९९२ साली पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून शिकणारे असे चार गट मांडले आणि ते जगभर शाळाशाळांत पोचले. २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास तपासले. शैलीनुसार शिकवल्यानं जास्त समजतं, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. आवड प्रत्येकाची असते, पण आवडलेलं वेबपेज जास्त समजेलच असं नाही. पोरांवर असे शिक्के मारणं शाळांनी आता बंद करावं, असं मला मनापासून वाटतं.

मग वेबपेज कामाचं आहे की नाही, हे कशावर ठरतं? आधी काय ठाऊक आहे आणि पुढे काय करायचं आहे, यावर फार अवलंबून असतं. लाल्याची कारणं अनेक आहेत: नत्राची किंवा मॅग्नेशियमची कमतरता, पाण्याचा ताण, वावरात साचलेलं पाणी, रात्रीचा गारठा, तुडतुडे ही कीड. मॅग्नेशियम कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी लाल होतात आणि शिरा हिरव्या राहतात. तुडतुड्यांनी पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग लाल होतात आणि पानं वाकडी होतात. हा फरक माहीत असलेला माणूस ‘लाल्यावर एकच जालीम औषध’ सांगणारं वेबपेज लगेच बंद करतो. माहीत नसलेल्याला तेच सगळ्यात कामाचं वाटतं. लेकीला परीक्षेसाठी पान लाल करणारं अँथोसायनिन हे रंगद्रव्य हवं असतं, बापाला उद्याचा निर्णय. अमेरिकेत १९९२ पासून चालणाऱ्या ‘ट्रेक’ या शोधयंत्रणांच्या चाचण्यांतही, एकाच प्रश्नासाठी तोच दस्तऐवज उपयोगी की निरुपयोगी यावर सरावलेल्या परीक्षकांची मतं अनेकदा जुळत नाहीत.

शिवाय व्हिडिओ बरा की मजकूर, हे माणसापेक्षा माहितीवर जास्त ठरतं. तुडतुडा पानाच्या खालच्या बाजूला तिरका चालतो. ती चाल व्हिडिओत क्षणात ओळखू येते, चार ओळी वाचून तितकी नाही. फवारणीचं प्रमाण मात्र लिहिलेलंच हवं. पंप भरताना व्हिडिओ मागेपुढे करून आकडा शोधण्यात चूक होऊ शकते, आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले आहेत. म्हणून कीड ओळखायला बापानं व्हिडिओ जरूर पाहावा. औषध मोजायच्या आधी मात्र लेकीला बाटलीवरचं लेबल मोठ्यानं वाचायला सांगावं आणि वेबपेजवरचा आकडा त्याच्याशी ताडून घ्यावा.