तालमीतला आकडा, पीटीचा तास आणि जिम: शाळकरी खेळाडूंच्या ताकदीच्या व्यायामाची पार्श्वभूमी

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलेल्या पालकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास निघतो. मुलगा आठवीत आहे, नेटमध्ये जोरात गोलंदाजी करतो. प्रशिक्षक म्हणतात, आता याचं 'स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग', म्हणजे ताकद आणि दमसास वाढवायचा व्यायाम, सुरू करा. घरी आजोबांचा विरोध: एवढ्यात वजनं उचलली तर पोराची उंची खुंटेल. हेच आजोबा दहाव्या-बाराव्या वर्षी तालमीत जोर-बैठका काढत होते, नाल, म्हणजे मुठीचा जड दगड, उचलायची शर्यत लावत होते. मग मधल्या पन्नास-साठ वर्षांत असं काय झालं, की मुलाच्या ताकदीच्या व्यायामाची आपल्याला भीती वाटू लागली?

सुरुवात तालमीपासूनच करावी लागते. गिरणगावात सातारा, कोल्हापूर, कोकणातून माणसं आली ती आपल्या व्यायामाच्या सवयी घेऊनच. तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी कुस्ती मिळत नसे. आधी फावड्याने हौद्यातली लाल माती उकरायची. मग जोर, बैठका, सपाट्या. खांद्या-मनगटासाठी मुद्गल आणि करेला, म्हणजे हाताने फिरवायचे जड लाकडी सोटे. वस्ताद प्रत्येकाला वेगळा आकडा द्यायचा: तू वीस काढ, तू तीस. पोराच्या अंगात तो मुरला की मगच आकडा वाढायचा. पाठ वाकली, कोपर बाहेर गेलं, तर तिथेच थांबवायचा. भार हळूहळू वाढवणं, प्रत्येकाला त्याच्या ताकदीप्रमाणे देणं आणि जाणत्याची नजर असणं, या तीन गोष्टी म्हणजेच आज ज्याला शास्त्रशुद्ध प्रशिक्षण म्हणतात त्याचा गाभा आहे. वस्तादांकडे त्याचं पुस्तक नव्हतं, पण रीत पक्की होती.

मल्लखांबाचीही तीच गोष्ट. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवं रूप दिलं. कुस्तीगिराला पकड, लवचीकपणा आणि चपळाई मिळावी म्हणून खांब वापरायचा, म्हणजे मुख्य खेळासाठी केलेला पूरक व्यायाम. शिवाजी पार्कला श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ साली उभं राहिलं, आणि पालिकेचं मैदानही त्याच वर्षी लोकांसाठी खुलं झालं. तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं, अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे १९२७ मध्ये ते शिवाजी पार्क झालं. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा फेब्रुवारी २०१९ मध्ये याच मैदानावर झाली. दोरीच्या मल्लखांबावर शाळकरी मुली स्वतःच्या शरीराचा सगळा भार हातांनी वर ओढतात, तेव्हा कुणाच्या मनात उंचीचा प्रश्न येत नाही. ताकदीचा व्यायाम म्हणून तो कुठल्याही डंबेलपेक्षा सोपा नाही.

मुद्गलाचा प्रवासही सांगण्यासारखा आहे. इथे आलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी तो पाहिला, हलका करून इंग्लंडला नेला. एकोणिसाव्या शतकात तिकडे 'इंडियन क्लब' म्हणून त्याची लाट आली. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याची स्पर्धाही झाली. तोच मुद्गल पुढे कवायतीचं साधन होऊन आपल्या शाळांत परतला. आणि इथेच एक फरक पडला, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तालमीत प्रत्येकाचा आकडा वेगळा होता. कवायतीत साठ मुलांसाठी एकच आकडा असतो: एक, दोन, तीन, चार. कवायतीला रांग सरळ हवी असते. रांगेतल्या एकाचे गुडघे दुखतात की दुसऱ्याला अजून दुप्पट झेपेल, हे बघायला तिथे कुणी मोकळं नसतं.

याची जाण असलेली माणसं होती. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं, तेव्हा शारीरिक शिक्षणाच्या समितीचं अध्यक्षपद स्वामी कुवलयानंदांकडे गेलं. लोणावळ्याच्या कैवल्यधामात योगाचा शरीरावरचा परिणाम प्रयोगशाळेत मोजणारा हा माणूस. १९३८ साली कांदिवलीला शारीरिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था सुरू झाली. शिक्षक शिकलेला असावा, हा विचार तेव्हाच सरकारदरबारी पोचला होता. पण पुढे दहावीचे गुण मोठे झाले, शाळांची मैदानं आक्रसली आणि पीटीचा तास गणिताच्या बाईंनी मागून घ्यायचा तास झाला. आमच्या शाळेत तर व्यायाम ही शिक्षाच होती. उशिरा आलात, मैदानाला पाच फेऱ्या. गृहपाठ नाही, बेडूकउड्या. दमणं म्हणजे अपमान, हे दहाव्या वर्षी मनात बसलं ते निघायला फार वर्षं गेली. बेडूकउडी हा खरं तर उत्तम व्यायाम आहे, त्याची शिक्षा झाली याचं मला आजही वाईट वाटतं.

मैदानावर मात्र खेळ जोरात होता. हॅरिस आणि गाइल्स शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धांनी मुंबईच्या शाळांना पिढ्यान् पिढ्या फलंदाज दिले. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागी केली, ती हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात. त्यामागच्या तयारीतली स्टंपवरच्या एक रुपयाच्या नाण्याची गोष्ट (बाद करील त्याला नाणं, नाबाद राहिला तर सचिनला) सगळ्यांना पाठ आहे. दुसरी कमी सांगितली जाते: सराव संपल्यावर त्याचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर सचिनला पॅड-ग्लोव्हजसकट शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारायला लावत. दमलेल्या पायांवर आणखी भार घालायची ही सरांची कंडिशनिंगच होती. त्या नावाचा तास मात्र कुठल्याच शाळेत नव्हता.

तो तास आणि ते नाव तिकडे अमेरिकेत घडत होतं. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन आलेल्या सैनिकांना लवकर उभं कसं करायचं, या पेचातून लष्करातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी वजनं क्रमाने वाढवण्याची पद्धत बसवली आणि १९४५ मध्ये प्रसिद्ध केली. आज प्रत्येक जिममध्ये ऐकू येणारे दहा-दहाचे तीन सेट त्यांच्याच कामातून आले. १९६९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाने बॉइड एप्ली या पोल व्हॉल्टच्या माजी खेळाडूला अमेरिकन फुटबॉलपटूंच्या ताकदीसाठी पगारी प्रशिक्षक नेमलं. तोवर बहुतेक प्रशिक्षकांना वाटायचं की वजनं उचलून खेळाडू आखडतो, मंद होतो. एप्ली यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये अशा प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना झाली. 'कंडिशनिंग' हा शब्द तिच्या नावात नंतर आला, आणि तिथून तो अमेरिकेतल्या शाळांच्या वजनखोल्यांत शिरला.

आता आजोबांच्या भीतीकडे येऊ. वाढत्या हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा मऊ थर असतो, तिथूनच हाड लांब होतं. तिथे इजा झाली तर वाढीवर परिणाम होऊ शकतो, हे खरं आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात अशा इजांच्या नोंदी डॉक्टरांनी केल्या, पण त्यांत बहुतेक वेळा मुलं कुणाच्या देखरेखीशिवाय, झेपत नसलेलं वजन डोक्यावर उचलत होती. जपानमधल्या राबणाऱ्या, बुटक्या राहिलेल्या मुलांचा १९६४ चा एक अहवालही या संदर्भात दाखवला जायचा. त्या मुलांच्या वाट्याला कष्ट होते तशी गरिबीही होती, हा भाग मागे पडला. १९८३ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने म्हटलं की वयात न आलेल्या मुलांची ताकद वजनांनी फारशी वाढत नाही, कारण त्यांच्या शरीरात त्यासाठी लागणारी संप्रेरकं पुरेशी नसतात.

पुढच्या अभ्यासांनी हे मत बदलायला लावलं. लहान मुलांची ताकद वाढते. दंड फुगत नाहीत एवढंच. मेंदूकडून स्नायूंना जाणारे निरोप नीट पोचू लागतात, एकाच वेळी जास्त तंतू कामाला लागतात, हालचालीचा ताळमेळ बसतो. खुद्द त्या अकादमीनेही नंतर देखरेखीखालच्या व्यायामाला मान्यता दिली. २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून काढलेल्या निवेदनाचा सूरही तोच होता: जाणता शिक्षक असेल, तंत्र नीट असेल, भार बेताने वाढवला तर मुलांना हा व्यायाम सुरक्षित आहे आणि इजाही कमी होतात. उंची खुंटते याला पुरावा मिळाला नाही. धावताना, उडी मारून उतरताना मुलाच्या पायावर त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, तो आपण रोज बिनदिक्कत येऊ देतोच.

मुंबईत हे सगळं व्यावसायिक क्रिकेटच्या मागून आलं. जॉन राइट भारतीय संघाचे प्रशिक्षक असताना परदेशी ट्रेनर आले, २००८ पासून आयपीएलने ती पद्धत घराघरात दाखवली, मग धावण्यातला दमसास तपासणाऱ्या यो-यो चाचणीचा बोलबाला झाला. उपनगरांत अकादम्या निघाल्या आणि मोठ्या खेळाडूंच्या व्यायामाचा तक्ता तेरा वर्षांच्या मुलांच्या हाती पडला. इथे मला खरी काळजी वाटते. मुलींची उंची साधारण बाराव्या, मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढते, पण त्यात दोन-दोन वर्षांचा फरक सहज असतो. एकाच वर्गातली दोन मुलं शरीराने वेगळ्या इयत्तेत असतात. झपाट्याने उंच झालेल्या मुलाचे हात-पाय काही महिने त्याचे त्यालाच परके वाटतात. अशा वेळी तीन संघांतून गोलंदाजी केली, किट बॅग खांद्यावर टाकून गर्दीच्या लोकलने प्रवास केला आणि वर जिममध्ये घाम गाळला, तर कमरेच्या मणक्याला ताणाची बारीक भेग पडायला वेळ लागत नाही. किशोरवयातल्या वेगवान गोलंदाजांमध्ये ही दुखापत जगभर ओळखीची आहे. अशा मुलाला वजन वाढवून देण्याआधी त्याची षटकं कमी करावी लागतात.

मागच्या पावसाळ्यात परळच्या एका जुन्या व्यायामशाळेत जाणं झालं. बाहेर तळं साचलेलं, त्यामुळे कबड्डीच्या मुली आत. त्यांना शिकवणाऱ्या ताई बारबेल देत नव्हत्या. झाडूची काठी खांद्यावर ठेवून बैठक मारायला सांगत होत्या: टाच उचलू नको, गुडघा आत जाऊ देऊ नको, पाठ बघ आरशात. एकीचा गुडघा परत परत आत वळत होता. तिला त्यांनी भिंतीशी ठेवलेल्या स्टुलावर बसायला-उठायला लावलं, तेही आठच वेळा. मग खिडकीतली शंभर पानी वही काढली. प्रत्येक मुलीच्या नावाचं वेगळं पान, वर दर महिन्याची उंची, खाली आकडे. त्या मुलीच्या पानावर त्यांनी लिहिलं: स्टूल, आठ, गुरुवारी परत आठ.