अभ्रे रंगवायला बादली नको

बाटलीतल्या ॲक्रिलिक रंगाने अभ्रे किंवा पडदे रंगवायचे, तर आधी रंग कापडावर कसा टिकतो ते पाहू. पांढऱ्या कापडावर पडलेला हळदीचा डाग साबणाला दाद देत नाही. पूर्वी घरोघरी वापरली जाणारी पूड नीळ मात्र दर धुण्याला नव्याने घालावी लागायची. दोन्ही रंगच, पण हळदीतल्या कर्क्युमिनचे रेणू कापसाच्या तंतूत शिरून तिथेच धरून राहतात. पूड नीळ म्हणजे अल्ट्रामरीन हे रंगद्रव्य. त्याचे कण पाण्यात विरघळत नाहीत. पाण्यात फुगलेल्या तंतूची छिद्रं काही नॅनोमीटरची असतात आणि रंगद्रव्याचा कण साधारण शंभर नॅनोमीटरपासून पुढे. तो आत जाऊच शकत नाही, नुसता वर बसतो.

बाटलीतला ॲक्रिलिक रंग याच निळीच्या जातीचा. तरी तो धुण्यात टिकतो, कारण त्यात बाइंडर असतो. ॲक्रिलिक पॉलिमरचे अतिसूक्ष्म गोळे पाण्यात विखुरलेले असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना भिडतात, मिसळतात आणि तंतूंभोवती पातळ पापुद्रा धरतो. रंगाचे कण त्यात अडकून राहतात.

यामुळे कापड रंगवण्याची नेहमीची रीत इथे चालत नाही. खऱ्या डायच्या, म्हणजे तंतूत शिरणाऱ्या रंगाच्या, पातेल्यात रंग पाणी सोडून कापडाकडे ओढला जातो. पेंटला, म्हणजे ॲक्रिलिकसारख्या रंगाला, अशी ओढ नसते. पिळलेलं सुती कापड जवळपास स्वतःच्या वजनाइतकं पाणी धरतं, आणि तेवढ्या पाण्यात असेल तेवढाच रंग त्याच्या वाट्याला येतो. दोन अभ्र्यांचं कापड ११० ग्रॅम धरा. २५ मिली रंग ८ लिटर पाण्यात कालवला, तर त्यातला दीड टक्काही कापडावर राहणार नाही; बाकी सगळा बादलीत. बरोबर बाइंडरही तितकाच पातळ होतो, म्हणून जो काही रंग लागला तोही पहिल्या धुण्यात निघतो. रंग फिका आला म्हणून कापड रात्रभर भिजत ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

त्याऐवजी पसरट घमेलं घ्या. त्यात २५ मिली ॲक्रिलिक रंग, ५० मिली फॅब्रिक मीडियम आणि १७५ मिली पाणी नीट कालवा. गुठळ्या असतील तर गाळून घ्या. मीडियम म्हणजे जास्तीचा, मऊ जातीचा बाइंडर. तो टाळून नुसता रंग वाढवला तर अभ्रा पुठ्ठ्यासारखा कडक होतो. गडद छटेसाठी रंग मीडियमइतका, म्हणजे ५० मिलीपर्यंत वाढवता येतो. ओल्या कापडावर छटा कितीतरी गडद दिसते, तेव्हा आधी तुकडा रंगवून, वाळवून पाहाच.

कोऱ्या मांजरपाटाला खळ असते आणि पापुद्रा तंतूला न चिकटता खळीला चिकटतो. टिंक्चर आयोडीनचा थेंब कोपऱ्यावर टाका. निळा-काळा झाला तर स्टार्चची खळ आहे. गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवा, खळखळून धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. पाण्याचा थेंब टाकताक्षणी शोषला गेला की कापड तयार.

ओलसर कापड घमेल्यात बुडवून पाच मिनिटं हाताने दाबत, उलटंपालटं करत राहा. पिळू नका, पीळ जिथे पडेल तिथे रेघा उमटतात. जुन्या टॉवेलात गुंडाळून दाबा.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती वाळवताना. पाणी जिथून लवकर उडतं तिकडे आतलं पाणी ओढलं जातं आणि रंगाचे कणही सोबत नेतं. दोरीवर टाकलेल्या पडद्यातलं पाणी तर रंगासह खाली उतरतं आणि खालचा काठ गडद होतो, शिवाय दोरीची रेघ उमटते. एकसारखा रंग हवा तर प्लॅस्टिकवर सपाट पसरून सावलीत वाळवा आणि मधूनमधून उलटा. रंग सरकण्याचा हाच दोष मुद्दाम वापरला तर फार देखणा होतो: ओल्या कापडावर शेवग्याची डहाळी किंवा नेच्याचं पान घट्ट दाबून कडक उन्हात ठेवा. पानाखालचा भाग उशिरा वाळतो, तिथला रंग उघड्या भागाकडे सरकतो आणि पानाची फिकी आकृती उरते. कापड पूर्ण कोरडं होईपर्यंत पान उचलू नका.

एक दिवसानंतर उलट्या बाजूने, वर पातळ सुती फडकं ठेवून, वाफेशिवाय इस्त्री करा; सुती कापडाचं तापमान, प्रत्येक भागाला तीन ते पाच मिनिटं, इस्त्री हलती. उष्णतेने पॉलिमर मऊ होऊन पापुद्रा सलग होतो. पुढे निदान तीन दिवस पाणी लावू नका. मग ओला पांढरा रुमाल दहा वेळा घासून पाहा. रंग लागला तर बाइंडर कमी पडला. समभाग पाणी घातलेल्या मीडियमचा पातळ हात देऊन, वाळवून पुन्हा इस्त्री करा.

खिडकीच्या पडद्याला गेरूसारखे लोहऑक्साइडचे रंग किंवा थॅलो निळा-हिरवा घ्या, उन्हात टिकतात. फ्लुरोसंट छटा लवकर विटतात. टॉवेल आणि चादरींना मात्र पेंट लावूच नये: टॉवेल पाणी टिपेनासा होतो, चादर अंगाला खरखरते. त्यांच्यासाठी १९५६ मध्ये बाजारात आलेले, तंतूशी रासायनिक बंध जोडणारे रिॲक्टिव्ह रंगच योग्य.

घमेल्यात उरलेलं पाणी मोरीत ओतू नका, ते पातळ प्लॅस्टिकच आहे. जुन्या चिंध्यांत टिपून घ्या, वाळवा आणि सुक्या कचऱ्यात टाका.