पुण्याचा डीपी (शहराचा विकास आराखडा) नेहमी मागून का येतो, त्यामागची गोष्ट

वाघोली, सूस, नांदेड, किरकटवाडी या पुणे महापालिकेत नव्याने आलेल्या गावांत पाणी, ड्रेनेज, रस्ते यावरून जी बोंब चालू आहे ती समजून घ्यायची तर थोडं मागं जावं लागतं, कारण पुण्यात हे काही पहिल्यांदा होत नाहीये.

महापालिका झाली १९५० ला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी घुसलं, हजारो लोक बेघर झाले आणि त्यांच्यासाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या, पण शहराचा डीपी मंजूर झाला तो १९६६ ला. पुढचा थेट १९८७ ला.

या १९८७ च्या डीपीत एक फार चांगली गोष्ट होती. शहराभोवती ३० किमीहून लांब गोलाकार मार्ग फक्त सार्वजनिक वाहतुकीसाठी आखलेला, एचसीएमटीआर. तेव्हा जागा ताब्यात घेतली असती तर आज चित्र वेगळं असतं असं मला मनापासून वाटतं. पण डीपीत एखाद्या जागेवर सार्वजनिक कामासाठी आरक्षण टाकलं म्हणजे ती जागा मिळाली असं नसतं ना, पालिकेला ती मोबदला देऊन घ्यावी लागते, आणि एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत घेतली नाही तर मालक नोटीस देतो आणि मुदतीत हालचाल झाली नाही की आरक्षण जातं. शाळा, बाग, दवाखाना म्हणून नकाशात रंगवलेले किती प्लॉट असे हातचे गेले. एचसीएमटीआर तर कागदावरच राहिला, टेंडर निघालं तेही रद्द झालं.

१९९७ ला बाणेर, बालेवाडी, वारजे, खराडी वगैरे गावं आत आली. तिथं आयटी आलं, टॉवर आले, पण डीपीचं घोंगडं भिजत पडलं, टेकड्यांवरच्या बीडीपीचा, म्हणजे जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाचा निर्णय व्हायला २०१५ उजाडलं.

जुन्या हद्दीचा २००७ ते २०२७ चा डीपी तर बघा. हरकती-सूचना आल्या ऐंशी हजारांहून जास्त, म्हणजे लोकांना पर्वा नाही असं कोणी म्हणूच नये, पण सुनावण्या, उपसूचना, आरक्षणं उठवण्याचे वाद यात मुदत संपली आणि २०१५ ला राज्य सरकारने डीपी पालिकेच्या हातातून काढून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला, मंजुरी मिळाली जानेवारी २०१७ ला. वीस वर्षांचा प्लॅन आणि त्यातली दहा वर्षं मंजुरीतच गेली!

त्याच वर्षी ११ गावं आली (त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी नंतर बाहेर काढून वेगळी नगरपरिषद झाली), २०२१ ला अजून २३, आणि पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सगळ्यात मोठी महापालिका झाली. पण या २३ गावांचं नियोजन दिलं पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), म्हणजे बिल्डिंगची परवानगी एकाने द्यायची आणि पाणी, कचरा, ड्रेनेज दुसऱ्याने बघायचं. त्यात मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासक आला, मग लोकांनी जायचं कुणाकडे? जानेवारी २०२५ ला जीबीएसचे (गुलेन-बारी सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट वाढले ते याच नांदेड, किरकटवाडीच्या पट्ट्यात, जिथं विहिरीचं पाणी फिल्टर न होता नुसतं क्लोरीन टाकून घरोघरी जात होतं. आणि त्याच वर्षी पीएमआरडीएचा प्रारूप डीपी सरकारने रद्द केला.