पाटीला हात लावणं वेगळं, सही मागणं वेगळं

"म्हणजे आता बाईसाठी दारही धरायचं नाही का?" गोड सेक्सिझमबद्दल, म्हणजे जपण्याच्या आणि कौतुकाच्या भाषेत बाईला कमी लेखण्याबद्दल, चार ओळी लिहिल्या की तासाभरात हा प्रश्न येतोच, आठ मार्चला तर हमखास. दर वेळी तेच उत्तर देऊन कंटाळले, म्हणून एकदाच नीट लिहिते.

कडू सेक्सिझम सगळ्यांना ओळखता येतो. "बाईची अक्कल चुलीपुरती", एसटीच्या स्टेअरिंगवर बाई दिसली की फिदीफिदी. तो सध्या बाजूला ठेवू.

गोंधळ उडतो तो गोड सेक्सिझम आणि साधं सौजन्य यांत. पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये २२ विधानांची एक प्रश्नावली मांडली. त्यातली अकरा कडू, अकरा गोड. गोड विधानांचा सूर आपल्या ओळखीचा आहे: पुरुषांनी बायकांना जपावं, बायका मुळातच जास्त निर्मळ, बाईवाचून पुरुष अपुरा. ऐकायला कौतुकच वाटतं, आणि तिथेच माणसं फसतात.

आधी सौजन्य बघा. माशांनी भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. बंदरावर शेजारी जो उभा असेल तो हात लावतो, बाई असो की बाप्या. मदत वजनाला असते. तिने "नको" म्हटलं तर तो बाजूला होतो आणि गोष्ट तिथेच मिटते. दार धरणं याच जातीचं. खुशाल धरा.

आता माझ्या मावशीचं ऐका. तिला मुंबईला दर मे महिन्यात देवगडहून मामाकडून हापूसची पेटी यायची, गणपतीला साडी ठरलेली. मग एका वर्षी पेटीबरोबर हक्कसोडपत्र आलं. "बाय, तुका काय कमी आसा? आमी आसव मां!" कायद्याने, म्हणजे २००५ च्या दुरुस्तीने, वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. मावशीने विचार करायला वेळ मागितला. नाहीसुद्धा म्हणाली नव्हती. पुढच्या मे महिन्यात पेटी आली नाही, आणि "बायकांना जमिनीची हाव सुटली" हे मात्र गावभर झालं.

मामाची माया खोटी होती असं मी म्हणत नाही, ती खरीच होती. पण तिला एक अट होती, आणि ती मावशीने सही लांबवेपर्यंत कुणाला दिसली नव्हती. म्हणून देणाऱ्याचा हेतू तपासत बसू नका, बाई "नको" किंवा "थांब" म्हणाल्यावर काय होतं ते बघा. गोडाचा कडू व्हायला एवढंच पुरतं. ग्लिक-फिस्क यांनी पुढे १९ देशांत पंधरा हजारांहून अधिक लोकांना हीच विधानं दिली. ज्या देशांत कडू जास्त, तिथे गोडही जास्त निघाला, आणि तिथल्या बायका गोड विधानांना पुरुषांइतकाच, कुठेकुठे जास्तच, होकार देत होत्या. साहजिक आहे. बाहेर वाघ असेल तर राखणदार आवडतोच, मग वाघ आणि राखणदार एकाच घरचे का असेनात.

आणि हे जपणंही किती निवडक! लावणीला दिवसभर चिखलात वाकलेली बाई नाजूक नसते. तीच बाई गाडी चालवत एकटी गोव्याला निघाली की एकदम नाजूक होते.

"पण गोड बोलण्याने नुकसान काय?" बेल्जियममधल्या २००७ च्या प्रयोगांत बायकांना नोकरीच्या चाचणीआधी कधी उघड तुच्छतेचं, तर कधी 'पुरुष सहकारी सांभाळून घेतील' अशा थाटाचं काही ऐकवलं. कामगिरी घसरली ती सांभाळून घेण्याच्या भाषेनंतर. तुच्छतेला निदान मनात शिवी हासडता येते. गोड बोलणं मात्र डोक्यात घोळत राहतं, की खरंच मला जमणार नाही का?

एसटीच्या अर्ध्या तिकिटालाही काहीजण यात ओढतात, ते मला पटत नाही. मार्च २०२३ पासूनची ती सवलत खिशाचा प्रश्न थोडा हलका करते, आणि त्या बदल्यात कुणी सही मागत नाही. मला खटकतं ते तिचं नाव, 'महिला सन्मान योजना'. अर्ध्या तिकिटाला अर्धं तिकीटच म्हणा की.