कुंडीतली चैत्रपालवी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना पिंपळ आहे. फाल्गुन सरता सरता तो आठ-दहा दिवसांत बोडका होतो आणि चैत्र लागेपर्यंत तांबूस, लकाकत्या पानांनी पुन्हा भरून जातो. दरवर्षीचंच दृश्य, म्हणून आपण नुसती मान वर करून पुढे जातो. पण जरा थांबलं तर ही गोष्ट चक्रावून टाकणारी आहे. शेवटचा पाऊस ऑक्टोबरातला, पुढचा जूनमधला. नवीन पान म्हणजे पाणी उडून जायची नवीन वाट. मग पुण्याचा पारा पस्तिशीच्या पुढे सरकत असताना झाडाने हजारो वाटा उघडून कशाला ठेवायच्या? कुसुम, करंज, कडुनिंब, सगळ्यांची हीच तऱ्हा.

उत्तर जमिनीखाली आहे. वरची माती भाजून निघाली तरी खोलवर ओल टिकून असते आणि जुन्या झाडाची मुळं तिथवर गेलेली असतात. जुनी पानं टाकली की पाण्याचा खर्च थांबतो, खोडात पाणी पुन्हा साठतं. दिवस मोठा व्हायला लागला की पालवी फुटते. पाऊस येईल तेव्हा पानं तयार असतात, उन्हाचा एकही दिवस फुकट जात नाही. आपल्याकडचा वसंत हा असा खालच्या ओलीच्या भरवशावर चालतो.

कुंडीतलं झाडही हाच वसंत पाळतं. त्यालाही पालवी फुटते, कळ्या येतात, तहान वाढते. फक्त त्याची मुळं बारा इंचांवर प्लास्टिकच्या तळाला जाऊन आदळतात. जमिनीच्या पोटातली ओल त्याच्या नशिबी नाही, ते काम आपल्याकडे येतं. वसंतातल्या बागकामाचे परदेशी व्हिडिओ पाहून ‘शेवटचं हिमतुषार कधी पडतं ते बघा’, ‘रोपांना ऊब द्या’ असले सल्ले टिपून ठेवणाऱ्यांनी ती वही मिटलेली बरी. तिथला वसंत थंडीतून सुटका करतो, आपला उन्हाळ्याच्या दारात नेऊन सोडतो.

हवेची तहान किती वाढते ते बघा. २५ अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ सामावून घेऊ शकते. ३८ अंशांना हाच आकडा ४६ ग्रॅमच्या घरात जातो, म्हणजे थेट दुप्पट. त्यातून एप्रिलच्या दुपारी पुण्याची हवा ठणठणीत कोरडी. पानांतून पाणी ओढून घ्यायला ती टपलेलीच असते. जानेवारीत तीन दिवसांनी पाणी मागणारी कुंडी आता रोज मागते, ती काही तुमची चूक नव्हे.

तरीही रोज मागते म्हणून डोळे मिटून ओतू नका. भर दुपारी जास्वंदाने मान टाकली की आपला जीव कळवळतो आणि आपण तांब्या घेऊन धावतो. पुष्कळदा माती ओलीच असते. पानांतून जाणारं पाणी मुळांच्या वेगापेक्षा जास्त झालं की पानं तात्पुरती लोळतात आणि ऊन कललं की आपोआप उठतात. बोट दोन पेरं मातीत खुपसून पाहायचं. आत गार आणि ओलं लागलं तर तांब्या परत ठेवायचा. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या तर ती गुदमरतात, पाणी ओढायचं थांबवतात आणि झाड ओल्या मातीत उभ्या उभ्या वाळतं. त्यावर आपण आणखी पाणी घालतो.

आता मोगरा. माझ्या गॅलरीतल्या निम्म्या कुंड्या मोगऱ्याच्या, त्यामुळे इथे थोडा पाल्हाळ होणार. मोगऱ्याला फुलं येतात ती नव्या फुटव्यावर. जुन्या काडीला कितीही गोंजारा, ती पानंच देणार. म्हणून थंडीत त्याला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, जसं संत्र्याच्या बागेत बहार धरताना करतात. मग संक्रांतीनंतर छाटणी. कात्री हातात घेऊन काडी नीट पाहा: पान जिथे देठाने काडीला चिकटतं त्या बेचक्यात मोहरीएवढा फुगवटा दिसेल. तो डोळा. त्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका काप घ्यायचा. आठ-दहा दिवसांत कापाखालचे समोरासमोरचे दोन्ही डोळे हिरवे होऊन फुगतात आणि जिथे एक शेंडा होता तिथे दोन येतात.

हे डोळे इतके महिने गप्प का होते? केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये बाकल्याच्या रोपांवर एक साधा प्रयोग केला. शेंडा खुडला की खालचे डोळे फुटतात, हे माळ्यांना ठाऊकच होतं. त्यांनी खुडलेल्या जागी ऑक्झिन हे संप्रेरक लावलं, तर डोळे परत गप्प राहिले. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन खाली झिरपतं आणि थोरल्या जावेसारखं बाकीच्यांना दाबून ठेवतं, असा निष्कर्ष निघाला आणि तो कित्येक दशकं टिकला. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी वाटाण्यावर काम करून त्यात एक पाचर मारली. शेंडा कापल्यावर खालच्या भागातलं ऑक्झिन कमी व्हायच्या आतच खालचे डोळे जागे होत होते. त्यांना जागं करत होती साखर. वाढता शेंडा पानांनी बनवलेली साखर स्वतःकडे ओढून घेतो. तो गेला की ती साखर झपाट्याने डोळ्यांकडे वळते. ऑक्झिनचा अंमल आहेच, पण पहिली हाक साखरेची.

माळ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. साखर पानं बनवतात, म्हणून छाटणीत काड्यांचा सापळा उरेल इतकं भादरू नका. कमकुवत झाडावर तर थोडी पानं राखाच. आणि ऊन चार-पाच तास तरी हवं. संक्रांतीची छाटणी राहून गेली असेल तर आता नुसते शेंडे दोन-दोन पेरं खुडले तरी चालतं. पहिला बहर ओसरल्यावरही तेच करायचं, दुसरा बहर त्या फुटव्यांवर येतो.

छाटणीनंतर खत द्यायचं, आणि इथेच मी एकदा हात पोळून घेतलाय. एका नर्सरीवाल्याने ‘टाका बिनधास्त’ म्हणून दाणेदार रासायनिक खत दिलं. मी बिनधास्त मूठभर टाकलं. चौथ्या दिवशी मोगऱ्याच्या पानांच्या कडा विस्तवाने चाटाव्यात तशा तपकिरी झाल्या. कारण आपल्या स्वयंपाकघरात दर चैत्रात दिसतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात बरणीत खार सुटतो, फोडीतलं पाणी मिठाकडे ओढलं जातं. मातीत क्षार जास्त झाले की मुळांची तीच गत, पाणी आत येण्याऐवजी बाहेर जाऊ पाहतं. उन्हाळ्यात पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणून हे लवकर घडतं. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांच्या मातीच्या कुंड्यांवर जी पांढरी पुटं दिसतात ती हीच. त्यामुळे या दिवसांत दोन मुठी शेणखत किंवा गांडूळखत आणि चमचाभर निंबोळी पेंड, एवढ्यावर भागवावं. महिन्यातून एकदा कुंडीला इतकं पाणी द्यावं की खालच्या भोकातून भरपूर वाहून जाईल.

भोकाचा विषय निघालाच आहे तर एक जुना समज मोडतो. निचरा व्हावा म्हणून तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर घालतात. माझे वडील घालायचे, मीही घालायचो. भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. गळायचा थांबला की तोच उभा करा, पुन्हा पाणी गळेल. म्हणजे आडव्या स्पंजाच्या तळाशी पाणी अडकून होतं. मातीचंही तसंच असतं. बारीक कणांच्या मधल्या फटी पाणी धरून ठेवतात आणि खाली मोठ्या पोकळ्या आल्या की ते सहजी उतरत नाही, सीमेवरच तुंबतं. विटांच्या थराने हा तुंबलेला पट्टा मुळांच्या जवळ येतो, वर मातीची जागा कमी होते ती वेगळीच. भोकावर एक वाकडी खापरी ठेवा, पुरे. कुंडी बदलायची असेल तर माघात उरकावं. पाणी शोषणारे मुळांचे केस इतके नाजूक की बदलताना ते तुटणारच. थंडीत ते पुन्हा येईपर्यंत झाड तग धरतं, एप्रिलात धरत नाही.

पश्चिमेच्या गॅलरीत काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू दुपारी हात ठेववत नाही इतकी तापते आणि तिला टेकलेली मुळं आत शिजतात. मातीची कुंडी माठासारखी गार राहते, मात्र माठासारखीच पाणीही पिते. तेलरंग लावून सजवलीत तर हा गुण गेलाच. प्लास्टिकच्या कुंडीला जुनं पोतं गुंडाळा, किंवा धाकट्या कुंड्या थोरल्यांच्या सावलीत ठेवा. मातीवर वाळल्या पानांचा दोन-तीन बोटं जाड थर हवाच. पिंपळाखाली झाडूवाले ढीग लावून काडी लावायच्या बेतात असतात, तेव्हा एक पिशवी भरून आणायची. ऊन आणि वारा थेट मातीला भिडला नाही की ओल दीड-दोन दिवस जास्त टिकते.

भाज्यांत भेंडी, गवार, चवळी, दुधी, काकडी, तांदुळजा आता लावा, ही मंडळी उन्हाचीच. टोमॅटोला फूल येईल पण फार उष्म्यात पराग निकामी होऊन गळून जाईल. कोथिंबीर चार पानं देऊन फुलावर जाते. हौसच असेल तर हिरव्या जाळीखाली करा.

कोरड्या हवेत लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड फोफावते. मिरचीच्या पानांवर बारीक पिवळे ठिपके दिसले की पान उलटून बघा. सकाळी पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरकस फवारा, इतकं बऱ्याचदा पुरतं. पिठ्या ढेकूण, म्हणजे पांढरी कापसासारखी कीड, आले तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी. आधी एकाच फांदीवर मारून दोन दिवस थांबा. मुंग्यांची रांगही तोडा, गोड चिकट्यासाठी त्याच त्यांची राखण करतात.

राहता राहिला मे महिन्यातला गावचा मुक्काम. सगळ्या कुंड्या सावलीच्या कोपऱ्यात एकमेकींना खेटून ठेवा, बाष्पामुळे त्यांच्यातली हवा थोडी दमट राहते. मध्ये स्टुलावर पाण्याची बादली. सुती नाडीचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीच्या मातीत तीन बोटं खोल. दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं पाणी नाडीतून चढतं आणि माती सुकेल तसं ओढलं जातं. नाडी आधी पूर्ण भिजवून घ्यायची, नायलॉनची घ्यायची नाही आणि बादली झाकायची, नाहीतर परत येईपर्यंत डासांची पैदास. निघायच्या दोन दिवस आधी लावून बघा. आमच्याकडे पहिल्या वेळी दोन नाड्यांनी एका रात्रीत अर्धी बादली फरशीवर ओतली होती.