रेड वाइन, तिचे तापमान आणि सोबतचे जेवण : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडून नेलेली रेड वाइन आंबट निघाली, घशाला जळजळली किंवा मटणाबरोबर कडू लागली, अशी तक्रार घेऊन दर उन्हाळ्यात काही ग्राहक उघडलेली बाटली परत आणतात. अशी प्रत्येक बाटली आम्ही स्वतः चाखून पाहतो. बहुतेक वेळा वाइनमध्ये दोष नसतो. ती पेल्यात ओतली तेव्हा गरम होती, एवढेच निष्पन्न होते. हे दर वेळी काउंटरवर समजावून सांगण्यात आपलाही वेळ जातो आणि मागे उभ्या असलेल्या ग्राहकांचाही, म्हणून हे पत्रक आता प्रत्येक बाटलीसोबत देत आहोत.

‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हे आपण सर्वांनीच ऐकलेले असते. हा प्रघात युरोपातल्या थंड घरांतून आला आणि तिथल्या खोलीचे तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास असे. इंदुरात मे महिन्यात, पंखा चालू असतानाही, बैठकीच्या खोलीत ३२-३४ अंश सहज असतात. मालव्याची रात्र गार म्हणून प्रसिद्ध असली तरी कपाटातल्या बाटलीपर्यंत तो गारवा पोहोचत नाही. इतक्या उष्णतेत वाइनमधले अल्कोहोल झपाट्याने उडू लागते, नाकाला आधी त्याचाच झोत लागतो आणि फळाचा सुगंध त्याखाली दबून जातो. आपल्याला जाणवणारी जळजळ ती हीच.

यावर उपाय सोपा आहे. बादलीत अर्धे पाणी आणि अर्धा बर्फ घेऊन बाटली मानेपर्यंत बुडवावी. साधारण १५ मिनिटांत ती हव्या तापमानाला येते. नुसत्या बर्फात ठेवल्यास जास्त वेळ लागतो, कारण बर्फाच्या खड्यांमध्ये हवा राहते आणि पाणी मात्र बाटलीला सगळीकडून भिडते. फ्रिजमध्ये ठेवायची असेल तर दीड ते दोन तास पुरेत. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेली बाटली जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढावी, कारण फार थंड रेड वाइनचा सुगंध मिटतो आणि तिचा तुरटपणा बोचू लागतो. पेल्यात बर्फ मात्र घालू नये; तो विरघळून वाइन पाणचट होते.

मागच्या एप्रिलमध्ये एका ग्राहकांनी चार बोटे कमी झालेली शिराझची (शिराझ ही काळ्या द्राक्षाची एक जात आणि तिची रेड वाइन) बाटली ‘खराब आहे’ म्हणून परत आणली. आम्ही ती पाऊण घमेले बर्फाच्या पाण्यात ठेवली आणि पंधरा मिनिटांनी त्यांच्यासमोर दोन पेले भरले, एक त्यांच्या बाटलीतला आणि एक आमच्या थंड खोलीतून काढलेल्या नव्या बाटलीतला. त्यांना दोहोंत फरक सांगता आला नाही, आणि त्यांनी तीच बाटली आनंदाने घरी नेली.

बंद मोटारीत तासन् तास राहिलेल्या बाटलीला मात्र हा उपाय लागू पडत नाही. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत तापमान ५० अंशांच्या पुढे जाते, वाइन फुगून बुचाला बाहेर ढकलते आणि तिला शिजवलेल्या फळासारखा वास येऊ लागतो; ती नंतर कितीही थंड केली तरी सुधारत नाही. आमच्या दर्शनी काचेत केवळ रिकाम्या बाटल्या मांडलेल्या असतात आणि भरलेल्या मागच्या वातानुकूलित खोलीत आडव्या ठेवलेल्या असतात, त्याचे कारण हेच. त्या खोलीच्या विजेचा खर्च आमच्या दरात धरलेला आहे, हे आम्ही मोकळेपणाने सांगतो.

आता जेवणाविषयी. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आवळून येते, तसा तुरटपणा रेड वाइनला द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतो. मांसातली प्रथिने आणि स्निग्धांश हा तुरटपणा शोषून घेतात, म्हणून खोबरे-खसखशीच्या वाटणातले सुके मटण आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाची तुरट रेड वाइन ही जोडी आम्ही सर्वांत आधी सुचवतो. तिखटाचे गणित वेगळे आहे. अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही मिरचीचा दाह वाढवतात, तेव्हा झणझणीत रश्श्याबरोबर कॅबर्ने घेऊ नये. मर्लो या द्राक्षाची कमी तुरट रेड वाइन घ्यावी आणि ती १४ अंशांपर्यंत गार करावी. झाबुआच्या कडकनाथ कोंबडीचे मांस घट्ट आणि कमी चरबीचे असते, त्यामुळे त्यालाही मर्लोच बरी. मसाला भाजका आणि मिरेप्रधान असेल तर शिराझ, कारण शिराझला स्वतःचा मिऱ्यासारखा गंध असतो.

शाकाहारी घरांतूनही आम्हाला वारंवार विचारणा होते. दाण्याच्या कुटाची भरली वांगी शिराझबरोबर उत्तम लागतात. तुपात बुडवलेल्या बाफल्यांबरोबर (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) मर्लो घेऊन पाहावी, फक्त डाळीतला आंबटपणा थोडा आवरता ठेवावा. हिवाळ्यात तळलेल्या गराडू या कंदावर मीठ-मसाला असतो आणि मिठाने वाइनचा कडवटपणा कमी जाणवतो, म्हणून ती जोडीही जमते. लिंबू मात्र बेताने पिळावे. भुट्ट्याच्या किसाला दुधाची आणि मक्याची गोडी असते, त्याला रेड वाइन शोभत नाही. जिलबी किंवा श्रीखंडाबरोबर तर कोणतीही कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, वाइन आंबटढाण लागते, तेव्हा गोड पदार्थ येण्यापूर्वीच पेला संपवावा. सुरमईसारख्या तेलकट माशाबरोबर रेड वाइन घेतल्यास तोंडात धातूसारखी चव रेंगाळते. त्या दिवशी आमच्याकडील पांढरी वाइन मागावी.

बाटलीच्या तळाशी कधी साखरेसारखे बारीक स्फटिक दिसतात. ते द्राक्षातल्या टार्टरिक आम्लाचे क्षार असून निरुपद्रवी आहेत. चिंचेच्या आंबटपणातही हेच आम्ल असते. अशी बाटली दोन-तीन तास उभी ठेवून सावकाश ओतावी आणि शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्यावा. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन-चार दिवस चांगली राहते.

बाटली घेताना जेवणाचा बेत काय आहे ते आम्हाला जरूर सांगावे. घरी मोठी पंगत असेल आणि एक दिवस आधी कळवले, तर आपल्या पदार्थांना साजेशा बाटल्या योग्य तापमानाला आणून थर्माकोलच्या पेटीत तयार ठेवू. पेटीसाठी वेगळे पैसे घेत नाही. ती दुसऱ्या दिवशी परत करावी, एवढीच विनंती. २१ वर्षांखालील व्यक्तींना विक्री केली जात नाही, आणि वयाचा पुरावा मागितल्यास कृपया सहकार्य करावे.