राखीव, पण कोणासाठी? नाशिकची राने आणि ग्रामपंचायतींची खुर्ची

नाशिक जिल्ह्यातल्या वन्यजीव रक्षणाची कुठलीही चर्चा ‘राखीव’ या शब्दापाशी येऊन अडखळते. म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात राखीव म्हणजे फॉरेस्टवाल्याचं राखीव वन. तिथे गुरं घातली की पावती फाडणारं, १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातून आलेलं. तरुणांना राखीव म्हटलं की सरपंचपदाची सोडत आठवते. आणि २००८ मध्ये जिल्ह्यात तिसरं राखीव आलं, ते ‘संवर्धन राखीव’. पहिल्या दोघांशी त्याचं नातं नावापुरतंच, पण गावात ते पोचतं पहिल्याचा वास घेऊन. ग्रामसभेत विषय निघाला की हमखास प्रश्न येतो, शेळ्या कुठे न्यायच्या? त्याला धड उत्तर मिळण्याआधीच कोणीतरी ‘अभयारण्य आलं’ अशी आवई उठवतं आणि सभा संपते.

म्हणून आधी हा गुंता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य ही दोन मुख्य साधनं होती. दोन्ही वरून खाली येणारी. २००२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २००३ पासून अमलात आली, आणखी दोन प्रकार आणले. कलम ३६क मधलं संवर्धन राखीव आणि कलम ३६ग मधलं समुदाय राखीव. पहिलं सरकारी मालकीच्या जमिनीवर, स्थानिक लोकांशी विचारविनिमय करून जाहीर करायचं. दुसरं खासगी किंवा सामाईक जमिनीवर, मालकाने किंवा गावाने स्वतःहून पुढे केलेल्या. खरा फरक मात्र जमिनीच्या मालकीपेक्षा समितीत कोण बसतं यात आहे.

संवर्धन राखीवच्या व्यवस्थापन समितीत वनखात्याचा अधिकारी सदस्य-सचिव असतो, हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तिघे आणि कृषी व पशुसंवर्धन खात्यांचा एकेक. म्हणजे सरपंचाला खुर्ची मिळाली. पण या समितीचं काम राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाला सल्ला देण्याचं. सही त्याची. समुदाय राखीवमध्ये गणित उलटं आहे. जमीन सामाईक असली तर पंचायतीने नेमलेले किमान पाच जण आणि वनखात्याचा एक, अध्यक्ष समितीने निवडायचा आणि तोच त्या राखीवचा मानद वन्यजीव रक्षक. तिथे गावाच्या हातात खरोखर काहीतरी आहे. पण त्याची किंमतही आहे. एकदा अधिसूचना निघाली की समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. द्राक्षबागेच्या आणि कांद्याच्या जिल्ह्यात, जिथे माळाच्या एकरालाही भाव फुटलाय, तिथे स्वतःहून असा ठराव कोण करणार? नाशिकमध्ये ज्यांची नावं लोकांच्या तोंडी आहेत त्या सगळ्या राखीव पहिल्या प्रकारातल्या आहेत, हे त्यामुळे आश्चर्याचं नाही.

त्यातही एक पोटगाठ आहे, आणि ती बैठकांत फारशी कोणी उलगडून सांगत नाही. अभयारण्यात कलम २९ लागू होतं. अधिवास नष्ट करायला, बिघडवायला, पाण्याचा प्रवाह वळवायला तिथे मनाई. संवर्धन राखीवला अभयारण्याची काही कलमं लावली आहेत. आग लावायची नाही, घातक द्रव्यं वापरायची नाहीत, अधिवास सुधारायची कामं करायची वगैरे. कलम २९ त्या यादीत नाही. म्हणजे ज्या भीतीने गावं राखीवला विरोध करतात ती बऱ्याच अंशी अभयारण्याची भीती आहे, आणि ज्या भरवशावर निसर्गप्रेमी राखीव मागतात तो भरवसाही अभयारण्याचाच आहे. दोघांनाही जे मिळतं ते मधलंच काहीतरी असतं.

राज्यातली पहिली संवर्धन राखीव नाशिकमध्येच झाली. बोरगड, २००८. दिंडोरी तालुक्यात, रामशेज किल्ल्याच्या शेजारचा हा डोंगर, माथ्यावर हवाई दलाचं ठाणं. क्षेत्र जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर. अधिसूचनेच्या कितीतरी आधीपासून शहरातले काही लोक तिथे जात होते, पायथ्याच्या पाड्यांशी बोलत होते, सरपणाचा भार कमी कसा करता येईल ते बघत होते. माझ्या मते बोरगड टिकला तो त्या आधीच्या कामामुळे. कागद नंतर आला. २०१४ मध्ये येवल्याच्या कोरड्या माळावर काळविटांसाठी ममदापूर झालं, तेव्हा क्रम जरा वेगळा होता. तिथे काळवीट शेतात येतं, उघड्या विहिरीत पडतं, उन्हाळ्यात पाण्यासाठी रस्ता ओलांडताना गाडीखाली येतं. त्यामुळे पंचायतीच्या तोंडी पहिला विषय नुकसानभरपाई आणि पाणवठे हाच राहिला. तोही काही चुकीचा नाही.

अंजनेरीचं २०१७ चं राखीव सगळ्यात वादाचं ठरलं. कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची घरटी, पठारावर २००६ मध्ये विज्ञानाला नव्याने कळलेलं ‘सेरोपेजिया अंजनेरिका’, म्हणजे कंदिलासारखं फूल येणारी छोटी वनस्पती, आणि शिवाय हनुमानाचं जन्मस्थान म्हणून श्रद्धा. पुढे मुळेगावकडून वर गाडीरस्ता नेण्याचा प्रस्ताव आला आणि पायथ्याच्या गावांपासून शहरापर्यंत दोन तट पडले. भाविकांची सोय आणि गावाचा रोजगार एका बाजूला, कडा दुसऱ्या बाजूला. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं. विणीच्या काळात खाली घाट फोडायचं यंत्र चालू झालं तर त्या वर्षाचं पिल्लू गेलंच समजा. मला यात तटस्थ राहता येत नाही. पण एक नोंद करायलाच हवी. असा रस्ता वनजमिनीतून जायचा तर केंद्राची परवानगी लागते, ती १९८० च्या वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियमामुळे. ‘राखीव’ या शब्दामुळे नव्हे.

गिधाडांवरूनच आठवतं ते हरसूलकडचं खोरीपाडा. त्याची मुळं संवर्धन राखीवमध्ये नाहीत, संयुक्त वनव्यवस्थापनात आहेत, म्हणजे गाव आणि वनखात्याने मिळून वन राखायच्या योजनेत. १ जून १९९० चं केंद्राचं परिपत्रक, त्यावर १९९२ चा राज्याचा शासन निर्णय, आणि गावोगावच्या समित्या. बहुतेक ठिकाणी या समित्या रोपवनाच्या मजुरीपुरत्या उरल्या. इथे मात्र तारेचं कुंपण घालून गिधाडांसाठी मेलेली जनावरं टाकायची जागा केली गेली, जिला सगळे ‘गिधाडांचं हॉटेल’ म्हणतात. ऐकायला मजेशीर. काम मात्र किचकट. बैल मेला की मालकाने कळवायचं, जनावर वेळेत उचलायचं आणि त्याआधी एक प्रश्न विचारायचा: शेवटचं इंजेक्शन कुठलं दिलं? कारण देशातली गिधाडं नव्वद टक्क्यांहून जास्त घटली ती डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे. ते दिलेलं जनावर खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात. जनावरांसाठी त्यावर २००६ मध्ये बंदी आली. तरी माणसांसाठीच्या औषधाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या अनेक डोसांच्या बाटल्याही बंद झाल्या. पण दिल्लीची बंदी पाड्यावर लागू होते ती तो एक प्रश्न कोणीतरी विचारतो म्हणून.

मग आल्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमाने त्या प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेवर बंधनकारक केल्या. इंग्रजी लघुरूप बीएमसी, त्यामुळे पहिली दोन मिनिटं ही मुंबईची महापालिका नव्हे हे सांगण्यात जातात. राज्याचे नियम २००८ मध्ये झाले आणि नंतर बरीच वर्षं शांतता होती. पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, ती चुकवणाऱ्या राज्याला महिन्याला दहा लाख भरावे लागतील असं बजावलं, आणि धावपळ सुरू झाली. समिती नेमा, लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या जीवांची नोंद, करा. त्या काळातल्या दोन नोंदवह्या मी शेजारी ठेवून पाहिल्यात. एक घाटमाथ्यावरच्या गावाची, एक माळावरच्या. दोन्हींत पक्ष्यांची यादी त्याच क्रमाने, टायपिंगची चूकही तीच. ग्रामसेवकाला दोष देण्यात अर्थ नाही. पाणीपट्टी, घरकुल, जन्ममृत्यू सांभाळून रात्री नोंदवही भरणारा माणूस आणखी काय करणार.

नांदूर मध्यमेश्वर मात्र या सगळ्यापेक्षा जुनं आणि वेगळं. गोदावरी-कादवा संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दगडी बंधारा झाला, गाळ साचला, पाणथळ झाली, पक्षी आले. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, क्षेत्र शंभर चौरस किलोमीटर. २०१९ मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं, क्षेत्र १,४३७ हेक्टर. म्हणजे साडेचौदा चौरस किलोमीटरही नाही. एकाच नावाच्या या दोन हद्दी, त्यामुळे आपलं शेत आत की बाहेर याचा घोळ शेतकऱ्याच्या मनात कायम. चापडगाव, खानगाव थडीकडची काही पोरं आता दुर्बीण गळ्यात घालून गाइड म्हणून फिरतात, तेव्हा तो विरोध थोडा मवाळ होतो. रामसरच्या नोंदीत बिबट्या आहे, दोन जातींची गिधाडं आहेत आणि १९३८ मध्ये दारणा नदीतून नोंदवलेला देवळालीच्या नावाचा बोटभर मासा आहे, तोही अतिसंकटग्रस्त. बिबट्यासाठी पिंजरे लागतात, बातम्या होतात. माशासाठी ग्रामसभेत कोणी हात वर केल्याचं मी पाहिलेलं नाही.

आणि त्या माशाच्या पाण्यात वरून काय येतं? नाशिक शहराचं सांडपाणी, त्यावर पोसलेल्या पाणवेली. सायखेडा, चांदोरीच्या पुलांना त्यांचे थर अडकतात, पूर ओसरला की खाली धरणात जाऊन बसतात. अभयारण्याच्या सल्लागार समितीत कायद्याने पंचायत राज संस्थांचे तिघे, आमदार, गृह आणि पशुवैद्यकीय खात्यांचे प्रतिनिधी येतात. महापालिकेसाठी त्या यादीत वेगळी जागा नाही. खालच्या गावाने मासेमारी थांबवायची आणि वरच्या शहराने नाले सोडायचे, ही वाटणी कोणी ठरवून केली असं नाही, पण तशीच चालू आहे.

अलीकडे कळवण, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडच्या मोठ्या सलग वनांनाही संवर्धन राखीवचा दर्जा देण्याचे निर्णय झाले. यातला बराच पट्टा अनुसूचित, म्हणजे राज्यघटनेने वेगळ्या मानलेल्या आदिवासी, क्षेत्रात मोडतो. तिथे २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनहक्क दिले, आणि त्याच कायद्याच्या कलम ५ ने वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकारही. म्हणजे एकाच पाड्यात वनव्यवस्थापन समिती, जैवविविधता समिती, वनहक्क समिती आणि आता राखीवची समिती. माणसं बहुतेक तीच. कुठल्या बैठकीला कुठलं रजिस्टर काढायचं ते ठरवायला आधी कोणीतरी कपाटाची किल्ली शोधत असतं.